परातीएवढं दार

२ ऑक्टोबर

मन्नूबिया, तुझे गुडघे कसे आहेत? वहीदा, लेकी, तिकडे स्फाक्सच्या इस्पितळात उभं राहून राहून तुझी पाठ धरायची, ती सुटली का? जावयाचा खोकला? सीदी, तुझे डोळे काय म्हणतात? आपल्या गाढवाचा मागचा खूर? आणि समुद्रातल्या माझ्या खालांनो, तुम्ही सगळ्या कुठवर पोचलात, पाठी शाबूत आहेत ना?

मला लिहायला कोणी शिकवलं नाही. साबणाच्या वेष्टनांवरून अक्षरं उचलली, आणि मार्सेयला गेलेल्या पोरांची पत्रं त्यांच्या आयांना वाचून दाखवता दाखवता, उत्तरं लिहिता लिहिता हात बसला. त्यामुळे कागद समोर आला की सगळ्यांची तब्येत विचारल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही. आता पत्र नाही, वही आहे, म्हणून काय झालं.

वही घेतली कारण आज मी एक गोष्ट करून बसलोय आणि घरात सांगायची छाती होत नाही.

बापाने आम्हा दोघा भावांसाठी जमीन ठेवली नाही, समुद्र ठेवला. आमच्या क्रातेन गावासमोरचा, ओहोटीला मांडीएवढं पाणी राहतं तो तुकडा. दर वर्षी उन्हाळा सरला की आम्ही त्यात खजुरीच्या झावळ्या रोवून लांबलचक कूड घालतो. कुडाच्या टोकाला झावळ्यांचीच दोन घरं. एक माझं, एक शादलीचं. शादली माझा थोरला भाऊ, पण थोरल्याला नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही, मी त्याला सीदी म्हणतो. भरतीबरोबर मासा उथळात चरायला येतो, ओहोटीला परत निघतो, कुडाला अडतो, कडेकडेने चालत घरात शिरतो आणि तिथून पिंजऱ्यात. आजोबाच्या आजोबापासून हेच चाललंय.

अलीकडे मात्र सगळ्यांनी घरांना आतून नायलॉनचं जाळं लावलंय. मासा एकही निसटत नाही. पण माशामागून खाला येते. मोठ्या समुद्री कासवांना मी खाला म्हणतो, कारण त्या मला आईच्या बहिणींसारख्या वाटतात: भारदस्त, सावकाश, जराशा रागीट. खालाचा पंख नायलॉनमध्ये गुंततो, वर भरती चढते, आणि तिला श्वासासाठी डोकं काढता येत नाही. गेल्या वसंतात अशा एकीला मांडीवर घेऊन मी पाण्यात उभा होतो. ती अजून उबदार लागत होती. उन्हामुळे असेल.

तर आज कॉफीच्या दुकानात मी सीदीला म्हणालो, "या वर्षी माझ्या घराला नायलॉन नाही. आणि एक दार ठेवणार, खालाला बाहेर पडायला."

"दार?" सीदी म्हणाला. "मासळीच्या घराला? मग वर पाटीही लाव, या, बसा, चहा घ्या आणि जा."

सगळे हसले. रिदा तर टेबलावर थापा मारून हसला. हा रिदा आमच्या शेजारच्या तुकड्याचा मालक, दुसऱ्याचं हसं झालं की त्याला भूक चांगली लागते.

"एक हंगाम बघ," मी म्हणालो.

"आणि जूनमध्ये रिकामे हात घेऊन आलास की?"

"तर माझा वाटा तुझा. सगळा समुद्र तुझा."

हे मी बोललो की कोणी माझ्या तोंडून बोलवून घेतलं, देव जाणे. सीदीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी रिदाच ओरडला, "ऐकलंत ना सगळ्यांनी? साक्ष आहे!" आमच्या बेटावर समुद्राबद्दल चार माणसांत दिलेला शब्द परत घेता येत नाही. सीदीने कप खाली ठेवला आणि उरलेली कॉफी न पिता उठून गेला. फारच रागावला असणार.

४ ऑक्टोबर

मन्नूबियाला पाववाल्याकडून कळलं.

"तिजानी, तू समुद्र जुगारात लावलास?"

"जुगार नव्हे गं, शब्द."

"मला विचारलंस? नाही. त्या कासवांना विचारलंस? विचारलंच असशील. चाळीस वर्षं मी समजत होते की मी तुझी एकटी बायको. माझ्या सवती समुद्रात आहेत हे लग्नाआधी सांगायचं होतं."

संध्याकाळी तिने जवाच्या पेजेत ऑक्टोपस घालून दिला, रोजच्यासारखाच मऊ शिजलेला. हरिसा, म्हणजे आमची लाल मिरचीची चटणी, मात्र दुप्पट होती. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिने विचारलं, "आता का रडतोस?" आणि हसली. म्हणजे अर्धा राग गेला.

१३ ऑक्टोबर

कूड रोवायला सुरुवात. सामाईक कूड दोघांनी मिळून घालायचा असतो. सीदी माझ्याशी बोलत नव्हता, पण झावळ्या माझ्या हातात त्यानेच दिल्या, जाड बाजू खाली करून, लहानपणी द्यायचा तशाच. त्याला आता नीट दिसत नाही. दोन झावळ्यांमधलं अंतर तो बोटांनी चाचपून ठरवतो. मी म्हणालो, "सीदी, डोळे दाखवून घे." तर म्हणाला, "समुद्राला काय बघायचंय, तो आहे तिथेच आहे."

दार किती रुंद ठेवायचं याचा घोळ होता. मोठी खाला डोळ्यांपुढे आणली तर मन्नूबियाची कुसकुसची परात आठवली. ती कोणाला न सांगता घेऊन गेलो, पाण्यात आडवी धरली आणि तेवढी जागा सोडली. परत येऊन ती गुपचूप जागेवर ठेवली, तर थोड्या वेळाने मन्नूबिया ती हातात घेऊन उंबऱ्यात उभी.

"माझी लग्नातली परात खारट का लागतेय?"

तिने ती चाटून पाहिली होती. अशा बाईपासून काय लपवायचं.

९ नोव्हेंबर

पिंजरा रिकामा. काल दोन बोय होते, बोटाएवढे. सोडून दिले.

१६ नोव्हेंबर

आज सीदी आपल्या घरातले मासे काढून माझ्याकडे आला, पाण्यात उभा राहून दाराभोवती हात फिरवला आणि कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, ओहोटीच्या बाजूला दार ठेवलंस?"

"खाला खोल पाण्याकडे जाते ना, म्हणून."

"आणि मासा कुठे जातो? तोही तिकडेच! तू त्याला जेवायला बोलावतोस, हात धुवायला पाणी देतोस आणि वेशीपर्यंत पोचवून येतोस!"

खरंच की. इतकी वर्षं ओहोटीवर जगलो आणि दार ठेवताना फक्त खालाचा विचार केला. त्याने शिव्या देत देत दार बुजवायला मदत केली. मग आम्ही किनाऱ्याच्या बाजूला, वरच्या अंगाला दार काढलं. मासा तळातून चालतो, खाला श्वासाला वर येते, तिला ते सापडेल. वरचं दार माझ्या डोक्यातून निघालं की त्याच्या, आता आठवत नाही. तो म्हणतो, तुझ्याच.

२० डिसेंबर

वाऱ्याचे दिवस. मासळी थोडी आहे, पण घरापुरतीच. बोय उडी मारून वरच्या दारातूनही जातो. दाराबाहेर पडताना त्याची शेपटी चमकते, जणू मला सलामच करतो मेला.

आज वहीदाचा फोन. "बाबा, समुद्र गेला तर गेला, तुम्ही दोघं इकडे या. तिसऱ्या मजल्यावर ऊन छान येतं."

मुलगी मायेने बोलते. पण तिच्या खिडकीतून दुसऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मी तिथे काय बघू?

खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. आज मला भीती वाटली. अजून एकही खाला दाराशी आली नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांनाच ठाऊक नाही. मन्नूबिया रात्री गुडघ्यांना तेल चोळते तेव्हा वाटतं, हिला म्हातारपणी जिने चढायला लावणार मी, आणि कशापायी? नायलॉन अजून परसात गुंडाळून पडलंय. आज त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो होतो. मग गाढव ओरडलं, त्याला चारा घालायला गेलो, तेवढ्यात ते लावायचा विचार निसटला मनातून.

१२ जानेवारी

पिंजरा भरला! बोय, आणि काळे चमकदार मोठे मासे, आणि एक ऑक्टोपससुद्धा. मी "सीदी! सीदी!" म्हणून ओरडलो. तो आधीच आला होता, काठावर बसून पायजमा पिळत होता.

"काय झालं? साप निघाला?"

"भरला! दार असूनही भरला!"

"बरं मग. ओरडू नकोस, रिदा ऐकेल आणि तोही दार ठेवील," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. माझं चांगलं झालेलं त्याला जरा टोचलं असेल. माणूस आहे तो, आणि शिवाय माझा वाटा त्याला मिळायचा होता.

२६ जानेवारी

हे रोजचं झालंय. फार नाही, पण बाजारात न्यायला पुरेल इतकं. सीदी हल्ली माझ्या आधी समुद्रावर येतो. म्हणतो, म्हातारपणी झोप लागत नाही. ज्याला धड दिसत नाही त्याने अंधुक उजेडात पाण्यात उतरू नये, मी दहादा सांगितलं.

एक गंमत. माझ्या पिंजऱ्याच्या तोंडाची दोरी मी साध्या गाठीने बांधतो. आज पाहिलं तर दुहेरी वेढ्याची गाठ, बापाने सीदीला शिकवलेली आणि मला कधीच न जमलेली. या वयात माझ्या हाताला ती आपोआप यायला लागली! मन्नूबियाला सांगितलं तर ती पीठ मळता मळता थांबली.

"हो का?" म्हणाली. "माशांना फार प्रश्न विचारू नये, तिजानी. खावं."

१५ फेब्रुवारी

सीदीची मासळी घटलीय. वर्षानुवर्षं त्याचं घर माझ्या दुप्पट भरायचं, यंदा उलटं. मला कारण कळलंय. माशाला जिथे दार दिसतं तिथे तो बिनधास्त शिरतो, जिथे कोंडल्यासारखं वाटतं तिथे कचरतो. कोणी हसेल, पण मला तसंच वाटतं.

भावाचं वाईट वाटलं. आज माझ्यातले चांगले चांगले निवडून टोपलीभर मासे त्याच्या घरी पाठवले. मन्नूबियाच घेऊन गेली. परत आली ती पदर तोंडाला लावून हसत.

"काय म्हणाला सीदी?"

"म्हणाला, ओळखीचे वाटतात."

डोळे अधू झाले तरी जीभ तशीच आहे त्याची.

२१ मार्च

आली! खाला आली!

सकाळी, पाणी चढलेलं, ऊन नुकतं कोवळं. घरात शिरून तिने दोन फेऱ्या घातल्या. पाठीवर शेवाळ, एका बाजूला शिंपल्या चिकटलेल्या, परातीपेक्षा जरा मोठीच. मी जागच्या जागी उभा राहिलो. सीदी शेजारी आला. त्याला ती दिसत नव्हती, नुसती काळी सावली.

"कुठे आहे? सांग ना! काय करतेय?"

"वर येतेय. डोकं काढलं. श्वास घेतला, ऐकलास?"

"ऐकला." त्याने टोपी काढून हातात घेतली. एरवी ती तो फक्त झोपताना काढतो. "मग? दार सापडलं?"

"नाही. पुन्हा खाली गेली. वर आली... धडकली झावळ्यांना..."

"डावीकडे गं बाई, डावीकडे!" सीदी ओरडला, आणि तेवढ्यात तिची पाठ दारात अडकली, एका झावळीचा कडकन आवाज झाला, आणि ती बाहेर. आमच्या दोघांच्या मधून गेली. जाता जाता सीदीच्या पोटरीला तिचा पंख लागला.

"भिजवलंन मला," तो म्हणाला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून! दिवसभर त्याला तेच. कॉफीच्या दुकानात रिदाला पोटरी दाखवत होता.

घरी येऊन मन्नूबियाला म्हटलं, परात पुन्हा लागेल, दार थोडं वाढवायचंय. ती म्हणाली, "घेऊन जा. धुऊन आण."

१८ एप्रिल

सीदीचा निरोप: "तुझी खाला चुकून माझ्याकडे उतरलीय. येऊन घेऊन जा, मला पाहुणचार जमत नाही."

धावत गेलो. त्याच्या नायलॉनमध्ये एक लहान खाला गुंतलेली, आणि सीदी तिला खालून दोन्ही हातांनी उचलून धरून उभा, तिचं तोंड पाण्याबाहेर राहावं म्हणून. केव्हापासून उभा होता कोण जाणे, ओठ निळे पडले होते. मी सुरी काढली आणि थांबलो. नायलॉन त्याचं.

"बघतोस काय? काप!"

"सीदी, सबंध जाळं जाईल."

"हात गळून पडले माझे, आणि हा मला जाळ्याचं सांगतोय! काप म्हटलं ना!"

कापलं. ती गेली. तो काठावर बसून बराच वेळ हात चोळत होता.

६ मे

सीदीला अखेर स्फाक्सला पाठवला. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांना, एकामागून एक. वहीदाकडेच राहील. फेरीबोटीवर चढताना त्याने मला बाजूला घेतलं.

"तिजानी, मी येईपर्यंत मासे कमी पडले तर घाबरू नकोस. आणि मूर्खासारखं काही करू नकोस."

"मासे कशाला कमी पडतील?"

तो माझ्याकडे बघत राहिला. दिसत नसताना इतका वेळ काय बघतो कोणास ठाऊक.

१४ मे

पिंजरा जवळजवळ रिकामा.

१९ मे

आजही तेच. सीदी गेल्यापासून मासळीच रुसलीय. दोघं असलो की पाण्यात बोलणं होतं, हसणं होतं, कदाचित त्यालाच मासा येत असेल. एकट्याच्या घराकडे कोण फिरकतं?

हे मी मन्नूबियाला म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, विचारलं तर म्हणाली, "तिजानी, तू मरू नकोस माझ्या आधी. तुझ्यासारखा दुसरा बनवायला देवाला वेळ लागेल." प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

३ जून

रिदा वाटेत भेटला. "काय तिजानीकाका, जून लागला!"

मी म्हणालो, "लागला."



८ जून

उद्याच्या फेरीबोटीने पाठवायचं पत्र आधी इथे लिहितो, चुका तिथे व्हायला नकोत.

प्रिय सीदी,

उजवा डोळा कसा आहे? डाव्याची पट्टी सुटली का? वहीदा, हे तू वाचून दाखवतेयस, तुझी पाठ कशी आहे? जावयांचा खोकला? इकडे मन्नूबियाचे गुडघे ठीक आहेत, तुझ्या घरची कोंबडी अंड्यावर बसलीय, गाढवाचा खूर बरा झाला. तुझ्याविना कॉफीच्या दुकानात रिदाच जास्त बोलतो, आणि ते काही बरं नाही.

सीदी, सरळ लिहितो. तू गेल्यापासून माझं घर रिकामं आहे. मधले महिने भरलं, ते तू असताना. मी खूप विचार केला आणि मला एवढंच कळलं की ती मासळी तुझ्या पायगुणाची होती, माझ्या दाराची नव्हती. मी चार माणसांत शब्द दिलाय. हंगाम संपला, माझे हात रिकामे आहेत, म्हणून माझा वाटा आजपासून तुझा. मन्नूबियाला सांगितलं. ती भांडली नाही. म्हणाली, "लिही त्याला, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत बोचकं बांधू नकोस."

काल ओहोटीला तुझ्या घराकडेही गेलो होतो. एप्रिलमध्ये कापलेलं नायलॉन तू पुन्हा शिवलं असशील असं वाटलं होतं. तसं दिसलं नाही. वरच्या अंगाला, किनाऱ्याच्या बाजूला, परातीएवढी मोकळी जागा आहे आणि तिच्या कडेने दोरी ओवून दुहेरी वेढ्याच्या गाठी मारलेल्या आहेत. मी शिवायला सुईदोरा नेला होता, पण हात धजला नाही. रागावू नकोस. हवं तर आल्यावर शिव.

समुद्र आता तुझा, त्यात माझं काही बोलणं नाही. फक्त एक मागतो, भाऊ म्हणून. माझ्या बाजूचं दार बुजवू नकोस. त्या वाटेने येणाऱ्यांना आपला शब्द, आपली साक्ष, यातलं काही माहीत नाही. मी काठावर बसून बघेन, पाण्यात उतरायचा हक्क मागणार नाही.

झावळ्या उपटायचे दिवस आलेत. सगळे उपटतायत. मी अजून एकीलाही हात लावलेला नाही, तुझ्याशिवाय कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. लांबलचक उत्तर नको. दार राहील की नाही, एवढंच वहीदाकडून दोन ओळींत लिहवून घे आणि पहिल्या फेरीबोटीला दे. मी रोज धक्क्यावर येऊन बसतोय, सीदी, लवकर लिही.

तुझा धाकटा,
तिजानी